फियाट-पद्मिनीचा मागचा पाटा तुटला तर : शॅकल, सेंटर बोल्ट आणि यू-बोल्टसकट पूर्ण काम

मागचा पाटा, म्हणजे मागच्या चाकांवर गाडीचा भार झेलणारी पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग, सहसा आपण होऊन तुटत नाही. सैल झालेला यू-बोल्ट (पाटा ॲक्सलला आवळणारा), गंजून जाम झालेली शॅकल (पाट्याचं मागचं टोक झुलतं धरणारी जोडपट्टी), गळून गेलेला बंप रबर (पाटा फार दाबला जाऊ न देणारा रबरी ठोकळा) किंवा तेल सोडलेला शॉकॲब्सॉर्बर यांपैकी एखादी गोष्ट आधी बिघडते आणि तिचा भार पाट्यावर येतो. म्हणून नुसता तुटलेला पाटा बदलून गाडी बाहेर काढली, तर काही महिन्यांत तोच पाटा त्याच जागी पुन्हा तुटतो. हे काम पहिल्यांदाच करत असाल तर एवढं पक्कं धरून चला : तुटलेली वस्तू बदलणं हे अर्धं काम आहे, ती का तुटली ते शोधणं हे उरलेलं अर्धं.

पुढची माहिती कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या फियाट ११०० कुळातल्या गाड्यांसाठी आहे : १९६४ नंतरची डिलाइट, मग प्रेसिडेंट आणि १९७४ पासूनची प्रीमियर पद्मिनी. या सगळ्यांची मागची मांडणी सारखीच. अखंड ॲक्सल हाउसिंग, दोन बाजूंना दोन कमानपाटे, पाट्याचा पुढचा डोळा (टोकाचं गोल वळण) बॉडीला पक्का आणि मागचा डोळा शॅकलवर झुलता. यांना जीपसारखी वेगळी चासी नाही, पाट्याचे ब्रॅकेट थेट बॉडीच्या पत्र्यात आहेत. जुन्या गाडीत याचा काय परिणाम होतो ते आठव्या टप्प्यात येईल.

१. नेमकं काय तुटलंय ते आधी ओळखा

सपाट जागेवर चारही टायरमध्ये योग्य हवा भरून गाडी उभी करा आणि मागून पाहा. एक बाजू बसलेली दिसली की लगेच पाट्यावर ठपका ठेवू नका. चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना मोजा. १० मिलिमीटरपर्यंतचा फरक जुन्या गाडीत चालतो. त्याहून जास्त असेल तर टॉर्च घेऊन खाली वाका.

मेन पाटा, म्हणजे दोन्ही टोकांना डोळे असलेला सर्वांत लांब पाटा, बहुतेक वेळा दोन जागी तुटतो : डोळ्याच्या वळणापाशी, नाहीतर सगळे पाटे मधोमध एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टच्या भोकातून. डोळ्यापाशी तुटला तर गाडी एकदम बसते, लगेच कळतं. भोकातून तुटला तर यू-बोल्टच्या दाबाखाली दोन तुकडे जागच्या जागी राहतात आणि वरून काहीच दिसत नाही. अशा वेळी पाट्यांच्या कडेवर गंजाची बारीक लाल-तपकिरी रेघ शोधा. भेगेत धातू धातूवर घासतो, त्याची भुकटी बाहेर येते, तीच ही रेघ.

सेंटर बोल्ट तुटला असेल तर गाडी बसत नाही, पण तिरकी चालते. मागून येणाऱ्याला गाडी खेकड्यासारखी आडवी सरकताना दिसते आणि सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग एका बाजूला धरावं लागतं. खात्रीसाठी पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर दोन्ही बाजूंना मोजा. या गाडीचा व्हीलबेस २३४० मिलिमीटर आहे. पुढची चाकं सरळ ठेवून मोजल्यावर डाव्या-उजव्या बाजूत ५ मिलिमीटरहून जास्त फरक आला, तर ॲक्सल सरकलेला आहे असं समजा.

शॅकलची पट्टी किंवा पिन तुटली की मागून खडखड आवाज येतो आणि पाट्याचं मागचं टोक वर डिकीच्या तळाला लागू शकतं. शॉकॲब्सॉर्बरचा बोल्ट तुटला तर खड्ड्यात ‘ठक’ असा एकच आवाज येतो आणि गाडी नंतर बराच वेळ डुलत राहते.

२. तशीच चालवत नेऊ नका

मागचा अर्धा पाटा किंवा शॅकल तुटली असेल तर ॲक्सल निदान पुढच्या डोळ्याने धरलेला असतो. पुढचा डोळा तुटला असेल तर त्या बाजूला ॲक्सलला मागेपुढे धरणारं काही उरत नाही. ब्रेक दाबला की चाक सरकतं, ब्रेकचा रबरी होज ताणला जातो, प्रोपेलर शाफ्ट ओढला जातो. त्या अवस्थेत दोरखंड बांधून ‘हळूहळू’ गॅरेजपर्यंत जाणंही धोक्याचं आहे. गाडी उचलून नेणाऱ्या सपाट टेम्पोवरच न्या.

३. काय काय लागेल

हत्यारं :
- २ टनी ट्रॉली जॅक आणि त्याशिवाय ४ पक्क्या घोड्या (जॅक स्टँड). विटा, दगड, सिमेंटचे ठोकळे चालणार नाहीत, ते भाराखाली अचानक फुटतात.
- चाकांना लावायला लाकडी गुटके, जॅकच्या डोक्यावर ठेवायला जाड फळी.
- १० ते २२ नंबरचे रिंग पाने आणि सॉकेट, लांब दांडा, टॉर्क रेंच.
- निदान ६ इंची दोन मजबूत सी-क्लॅम्प.
- तारेचा ब्रश, गंज सोडवणारं तेल, हॅकसॉ आणि चार-पाच चांगली पाती, पितळी सुंभा, २ पौंडी हातोडा.
- व्हर्निअर कॅलिपर, मोजपट्टी, दोरा, खडू.
- डोळ्यांवर गॉगल, हातमोजे, जवळ अग्निशामक सिलिंडर.

सुटे भाग, प्रत्येक बाजूचे मोजून आणि दोन्ही बाजूंचे एकाच वेळी : नवे यू-बोल्ट नटांसकट, सेंटर बोल्ट नटासकट, पुढच्या डोळ्याचा बुश (डोळ्यात बसणारी रबरी गादी), शॅकलचे बुश, शॅकलच्या पिना आणि पट्ट्या, पुढच्या डोळ्याचा बोल्ट, बंप रबर, शॉकॲब्सॉर्बरचे रबर वॉशर. जुना भाग हातात घेऊनच दुकानात जा. नुसतं ‘फियाटची शॅकल द्या’ म्हटलं तर मिळेल ती शॅकल मिळते. पुण्यात नाना पेठ आणि बुधवार-रविवारचा जुना बाजार, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि चोर बाजार या ठिकाणी अजून शोधलं तर मिळतं. जुन्या गाडीतून काढलेली शॅकलची पट्टी किंवा ब्रॅकेट तपासून घेतलं तर चालेल. यू-बोल्ट, सेंटर बोल्ट आणि रबर मात्र वापरलेले घेऊ नका.

फियाटचे आटे मेट्रिक आहेत, ॲम्बॅसेडरचे इंची. बाजारात दोन्हींचे बोल्ट एकाच डब्यात पडलेले असतात. नट हाताने निदान पाच-सहा फेरे सहज फिरला पाहिजे. दोन फेऱ्यांनंतर अडला तर आटा वेगळा आहे, पाना लावून पुढे नेऊ नका.

कागदांचं थोडं : आरसी आणि विमा हाताशी ठेवा, कारण गाडी टेम्पोवर नेताना विचारले जातात. तुमची गाडी ५० वर्षांपुढची असेल आणि २०२१ च्या केंद्रीय नियमांखाली व्हिंटेज नोंदणी करायचा विचार असेल, तर बॉडी, चासी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा ही अट लक्षात घ्या. ब्रॅकेटचं वेल्डिंग करण्याआधीचे आणि नंतरचे फोटो, भागांची बिलं जपून ठेवा. मूळ मांडणीच दुरुस्त केली, बदलली नाही, हे त्यातून दाखवता येतं.

४. गाडी उचलणं

पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी गुटके लावा. मागच्या चाकांचे नट जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करा. डिफरन्शियलच्या पोटाखाली फळी ठेवून ट्रॉली जॅकने मागचा भाग उचला आणि बॉडीखाली, पाट्याच्या पुढच्या ब्रॅकेटच्या थोडं पुढे जो जाड दुमडीचा भाग आहे तिथे दोन घोड्या लावा. तिथला पत्रा आधी स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहा. टोक आत गेलं तर तिथे घोडी लावू नका, थोडी पुढची घट्ट जागा शोधा. भार हळूहळू घोड्यांवर सोडा आणि बंपर धरून गाडी चांगली हलवून बघा. गाडीखाली शिरण्याआधी हे हलवणं चुकवू नका.

आता जॅक ॲक्सलखालीच राहू द्या, पण इतका खाली आणा की पाटे ना दाबलेले, ना ॲक्सलच्या वजनाने लोंबणारे. ॲक्सल सुटल्यावर तो याच जॅकवर राहणार आहे. उरलेल्या दोन घोड्या ॲक्सलच्या दोन टोकांखाली लावा, कारण एकटा जॅक मध्यावर असला की ॲक्सल तराजूसारखा कलंडतो.

५. सोडवण्याआधी मोजा

फोटो काढा, खडूने खुणा करा. पाटे किती, कोणत्या क्रमाने, क्लिपा कोणत्या पाट्यावर, यू-बोल्टखालच्या प्लेटचं कोणतं तोंड पुढे, शॅकलचा बोल्ट आतून बाहेर की बाहेरून आत, हे सगळं आत्ता स्पष्ट दिसतं आणि दोन दिवसांनी आठवत नाही. दोन्ही जुडगे कारागिराला द्यायची वेळ आली नाही तर एक बाजू पूर्ण होईपर्यंत दुसरी उघडू नका. ती तुमच्यासाठी जिवंत नमुना आहे.

६. सोडवणं

आदल्या दिवशी संध्याकाळी सगळे आटे तारेच्या ब्रशने घासून त्यांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. सकाळी पुन्हा एकदा. घाई करून बोल्टचं डोकं गोल केलं की पुढचे चार तास वाया जातात.

क्रम असा : चाक काढा, मग शॉकॲब्सॉर्बरचं खालचं टोक, आडवा स्टॅबिलायझर बार असेल तर त्याची लिंक. ब्रेकचा रबरी होज ताणला जातोय का ते प्रत्येक पायरीला पाहा. ॲक्सल खाली गेला आणि होज तंग झाला तर तिथेच थांबा. होजवर ॲक्सल लोंबला तर बाहेरून होज ठीक दिसतो, आतली नळी मात्र फाटते. हँडब्रेकची केबल अडत असेल तर सैल करा.

यू-बोल्टचे नट चारही थोडे थोडे सैल करा. हे बोल्ट तुम्ही पुन्हा वापरणार नाही आहात, म्हणून जाम झालेले असतील तर सरळ कापा. वाचवण्यात वेळ घालवू नका.

खरी झुंज शॅकल आणि पुढच्या डोळ्याच्या बोल्टाशी असते. रबर बुशच्या आत लोखंडी नळी असते आणि बोल्ट तिला गंजाने चिकटतो. नट निघतो, बोल्ट फिरतोही, पण बाहेर येत नाही, कारण त्याच्याबरोबर नळीच रबरात फिरत असते. हातोड्याने ठोकत बसलात तर रबर प्रत्येक घाव गिळतं आणि ब्रॅकेटचे कान वाकतात. सरळ उपाय म्हणजे पाट्याचा डोळा आणि ब्रॅकेटचा कान यांच्यामधल्या फटीत हॅकसॉचं पातं घालून बोल्ट दोन्ही बाजूंनी कापणं. एका बाजूला वीस मिनिटं लागतात, पण ब्रॅकेट शाबूत राहतं. ग्राइंडरची जाड चकती त्या फटीत जात नाही, गेली तर कान कापते.

इथे गॅस कटर पेटवायचा मोह होतो. पेटवू नका. पेट्रोलची टाकी आणि तिची नळी गाडीच्या मागच्याच भागात आहे, डिकीच्या तळाला वर्षानुवर्षांचं डांबरी कोटिंग असतं आणि जळणाऱ्या रबराचा धूर छातीत जातो. शिवाय पाटा तापला की त्याचं पाणी उतरतं, म्हणजे उष्णोपचाराने आलेली लवचीक ताकद त्या जागी संपते.

७. पाटे उघडणं आणि वाचणं

पाट्यांचा जुडगा बाकावर घ्या. सेंटर बोल्ट काढण्याआधी त्याच्या दोन्ही बाजूंना सी-क्लॅम्प घट्ट लावा. प्रत्येक पाट्याची कमान वेगळी असते आणि जुडग्यात ते एकमेकांना दाबून ठेवलेले असतात. क्लॅम्पशिवाय बोल्ट सोडला तर पाटे उसळून उघडतात, बोटं आणि जबडे फुटतात. नट काढून क्लॅम्प आळीपाळीने थोडे थोडे सैल करा.

आता तुटलेलं तोंड नीट पाहा. काळपट-गंजलेला, गुळगुळीत, समुद्राच्या लाटांसारख्या रेघांचा भाग म्हणजे जुनी, हळूहळू वाढलेली भेग. चमकदार, खडीसाखरेसारखा दाणेदार भाग म्हणजे शेवटच्या क्षणी तुटलेला. जुना भाग मोठा असेल तर पाटा बऱ्याच काळापासून तडकलेला होता, शेवटचा खड्डा निमित्त ठरला.

कुठून तुटला यावरून कारण कळतं :

- सेंटर बोल्टच्या भोकातून : यू-बोल्ट सैल होते. दोन यू-बोल्टच्या मधला पाट्याचा भाग ॲक्सलला इतका घट्ट आवळलेला असतो की तो वाकतच नाही. आवळणी सैल झाली की तोही वाकू लागतो, आणि भोकामुळे नेमका तिथेच पाट्याचा आडवा छेद सर्वांत कमी. सेंटर बोल्ट तुटण्याचं कारणही हेच. त्याचं काम ॲक्सलची जागा ठरवणं एवढंच, ओढ सोसण्याचं काम यू-बोल्टच्या दाबाने होणाऱ्या घर्षणाचं.
- डोळ्याच्या वळणापाशी : शॅकल किंवा बुश जाम. पाटा दाबला की लांब होतो आणि ती लांबी शॅकल झुलून सामावते. ती झुललीच नाही तर डोळा पिळला जातो.
- यू-बोल्टच्या कडेला : प्लेटची धार पाट्यात रुतलेली, किंवा बंप रबर नसल्याने पाटा उलटा वाकेपर्यंत दाबला गेलेला.
- खालचे आखूड पाटे तुटले आणि मेन पाटा ठीक : सततचा जास्त भार.

शेवटच्या कारणाबद्दल मुंबईच्या गाड्या घेणाऱ्यांनी विशेष लक्ष द्यावं. गाडी पूर्वी टॅक्सी असेल तर डिकीत सीएनजीचा सिलिंडर असण्याची शक्यता मोठी, आणि त्यासाठी एखादा जादा पाटा घातलेला असतो. सिलिंडर काढला आणि जादा पाटा तसाच राहिला तर मागचा भाग उंच, कडक आणि उड्या मारणारा होतो. त्यात शॅकल आणि ब्रॅकेटला बसणारे झटके वाढतात. दुसऱ्या बाजूशी आणि मूळ मांडणीशी पाट्यांची संख्या ताडून पाहा.

न तुटलेले पाटेही तारेच्या ब्रशने चकचकीत करून तपासा. खालच्या पाट्याचं टोक वरच्या पाट्यात घासून घळ पाडतं. नख अडकेल इतकी घळ असेल तर तिथून नवी भेग सुरू होते. उथळ घळ पाट्याच्या लांबीच्या दिशेने घासून सपाट करा, आडव्या दिशेने कधीच नाही. मूळ जाडीच्या दहाव्या भागाहून जास्त झीज असेल तर तो पाटा बाद.

८. नवा पाटा, आणि ब्रॅकेटचा पत्रा

तुटलेला पाटा वेल्डिंग करून देणारे भेटतील. नाही म्हणा. स्प्रिंगच्या पोलादात कार्बन जास्त असतो. वेल्डिंगच्या कडेचा भाग झपाट्याने थंड होऊन काचेसारखा ठिसूळ होतो आणि त्याच्या शेजारचा मऊ पडतो. असा पाटा गॅरेजच्या बाहेर पडताच तुटला तरी नवल नाही.

पाटे बनवणाऱ्या कारागिराकडे जुना पाटा नमुना म्हणून द्या आणि तीन गोष्टी सांगा : रुंदी तीच, जाडी तीच, पोलाद स्प्रिंगचंच, तेलात पाणी देऊन (लाल तापवून तेलात बुडवून) नंतर टेम्पर केलेलं (पुन्हा हलकं तापवून ठिसूळपणा काढलेलं). ‘एक मिलिमीटर जाड टाकू, मजबूत होईल’ असा सल्ला हमखास मिळतो. पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. ६ मिलिमीटरच्या जागी ७ चा पाटा टाकला तर तो एक पाटा जवळपास १.६ पट कडक होतो. मग बाकीच्यांचा भार त्याच्यावर येतो, आणि पहिला तोच तुटतो.

पाटा तुटला नसेल पण कमान बसली असेल तर ती पुन्हा भरता येते. दोन्ही डोळ्यांच्या मध्यांतून दोरा ताणा आणि मध्यावर दोऱ्यापासून पाट्यापर्यंतचं अंतर मोजा. डाव्या-उजव्या पाट्यात ६ मिलिमीटरहून जास्त फरक असेल तर दोन्ही जुडगे बरोबर द्या, एकाच बाजूचा दिला तर गाडी दुसरीकडे कलते. नुसती ठोकून, थंडच भरलेली कमान काही काळाने थोडी उतरते. तापवून भरली तर पुन्हा पाणी आणि टेम्पर द्यायलाच हवं, आणि ते करणार का हे काम देण्याआधीच विचारून घ्या.

पाटे कारागिराकडे असताना बॉडीकडे वळा. समुद्राकाठच्या गाड्यांमध्ये, मुंबई असो की कोकण-गोवा, खरं दुखणं इथेच असतं. पुढच्या ब्रॅकेटच्या आणि शॅकलच्या आधाराच्या भोवतीचं सगळं कोटिंग खरवडून काढा. बोटाने दाबून नव्हे, हातोडीच्या टोकाने हलके टोले देऊन ऐका. घट्ट पत्रा खणखणतो, सडलेला बद्द वाजतो. कोटिंगखाली जुन्या ठिगळावर ठिगळ सापडलं तर ते सगळं उकरून चांगल्या पत्र्यापर्यंत जा. सडलेल्या पत्र्यावर नवा पत्रा चिकटवला तर मधल्या फटीत पाणी साचून तो आतून खातो.

नवा तुकडा मूळ पत्र्याइतक्या किंवा किंचित जास्त जाडीच्या कोल्ड रोल्ड पत्र्याचा, मिग वेल्डिंगने. त्याआधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, पेट्रोलची टाकी गाडीतून पूर्ण बाहेर काढून लांब ठेवा. नुसती रिकामी केलेली टाकी भरलेलीपेक्षा जास्त धोकादायक असते, कारण आत वाफ उरते. ब्रेकची लोखंडी नळी आणि वायरिंग जवळून जात असेल तर सोडवून बाजूला करा. पत्रा कापण्याआधी दुसऱ्या बाजूच्या ब्रॅकेटची मापं दोन-तीन पक्क्या बिंदूंपासून घेऊन लिहून ठेवा. पुढचा ब्रॅकेट ५ मिलिमीटर मागे वेल्ड झाला तर ॲक्सल कायमचा तिरका राहतो आणि मग कोणताही नवा पाटा तो सरळ करू शकत नाही. वेल्डिंगनंतर झिंक प्रायमर, सांध्यांवर सीलर, मग कोटिंग. पोकळ भागांत आतून मेण किंवा गंजरोधक तेल फवारा.

हे वेल्डिंग शिकाऊ हाताचं काम नाही. बाकीचं सगळं तुम्ही करा, एवढं जाणत्या माणसाकडून करून घ्या.

९. बुश बसवणं

जुना बुश काढताना आधी रबर ड्रिलने पोखरून आतली नळी काढा, मग बाहेरच्या लोखंडी कड्याला हॅकसॉच्या पात्याने आतून एक चीर द्या. चीर पाट्याच्या डोळ्यात उतरू देऊ नका, तिथूनच पुढची भेग निघते. नवा बुश वाइसमध्ये किंवा प्रेसवर, कड्यावर दाब देऊन आत घाला. रबरावर किंवा आतल्या नळीवर ठोकू नका.

रबर सरकावण्यासाठी साबणाचं पाणी वापरा. ग्रीस आणि इंजिन ऑइलने साधं रबर फुगून मऊ पडतं. कडक पॉलियुरेथेनचे बुश बाजारात मिळतात आणि मोहकही वाटतात, पण या गाडीत रबरच ठेवा. जो हादरा रबर पितं तो कडक बुश सरळ पन्नास वर्षांच्या पत्र्यात उतरवतो.

१०. जुडगा बांधणं आणि जागेवर चढवणं

स्वच्छ पाट्यांवर ग्राफाइट ग्रीसचा पातळ हात फिरवा, थापू नका. पाटे क्रमाने रचून सी-क्लॅम्पने पूर्ण दाबा आणि त्यानंतरच सेंटर बोल्ट आवळा. बोल्टच्या जोराने पाटे ओढून आणले तर तो बसवतानाच ताणला जातो.

सेंटर बोल्ट उच्च ताकदीचा, मूळ जाडीचाच हवा. त्याचं गोल डोकं ॲक्सलच्या बैठकीतल्या खाचेत बसतं आणि ॲक्सलची जागा त्यावर ठरते. साधा षटकोनी डोक्याचा बोल्ट घासून बसवू नका, खाचेत तो खेळत राहतो. डोकं ॲक्सलच्या बाजूलाच आलं पाहिजे. ॲक्सलच्या बैठकीतली ती खाच लंबगोल झाली असेल तर तीही भरून नीट करून घ्या. जादा लांबी कापून आट्याचं टोक ठोकून ठेवा म्हणजे नट मागे फिरत नाही.

यू-बोल्टबाबत एक सापळा : साध्या सळईला तापवून वाकवून, आटे पाडून दिलेले यू-बोल्ट स्वस्तात मिळतात. ते भाराखाली लांब होत राहतात, तुम्ही आवळत राहता आणि आवळणी कधीच टिकत नाही. ८.८ ग्रेडचे (उच्च ताकदीच्या पोलादाचे), थंड वाकवलेले, ॲक्सल हाउसिंगच्या गोलाईला नेमके बसणारे घ्या. वळण हाउसिंगवर पूर्ण टेकलं पाहिजे. नुसत्या दोन कडांवर टेकलं तर काही दिवसांत ते दबून जागा घेतं आणि बोल्ट आपोआप सैल होतो. दोन्ही पाय प्लेटबाहेर सारखे यावेत. खाली स्प्रिंग वॉशर नको, कडक सपाट वॉशर आणि जाड किंवा सेल्फ-लॉकिंग नट हवा.

पुढचा डोळा आधी, मग मागची शॅकल, बोल्ट फक्त हाताने फिरतील तेवढे. ॲक्सल जॅकने वर आणत सेंटर बोल्टचं डोकं खाचेत बसल्याची बोटाने खात्री करा. यू-बोल्टचे चार नट तिरप्या क्रमाने, तीन-चार फेऱ्यांत सारखे आवळा. टॉर्कचा आकडा तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलचा घ्या. तो मिळाला नाही तर ८.८ ग्रेडच्या कोरड्या आट्यासाठी एम १० ला (१० मिलिमीटर जाडीच्या बोल्टला) साधारण ४५ ते ५० आणि एम १२ ला ८० ते ८५ न्यूटन मीटर ही सर्वसाधारण मर्यादा धरा. आट्याला तेल लावलं असेल तर तेवढ्याच टॉर्कला ताण बराच जास्त येतो, म्हणून आकडा कमी घ्या.

शॉकॲब्सॉर्बर लावण्याआधी उभा धरून पाच-सहा वेळा पूर्ण दाबून-ओढून घ्या, आतली हवा निघते. हाताला मधेच पोकळ ठोका लागला किंवा दांड्यावर तेल दिसलं तर बदला. दुसऱ्या गाडीचा आखूड शॉकॲब्सॉर्बर बसवलात तर गाडी उचलल्यावर ॲक्सलचं सगळं वजन त्याच्या बोल्टवर लोंबतं आणि तो बोल्ट तुटतो. बंप रबर न विसरता लावा.

११. शेवटची आवळणी चाकांवरच

सर्वांत जास्त चुकणारी पायरी ही. डोळ्याचे आणि शॅकलचे बोल्ट गाडी हवेत असताना घट्ट करू नका. रबर बुश सरकत नाही, पिळतो. लोंबत्या अवस्थेत आवळला तर गाडी जमिनीवर येताच तो एका बाजूला कायमचा पिळलेला राहतो, गाडी थोडी उंच बसते आणि काही महिन्यांत रबर फाटतं.

चाकं लावून गाडी खाली आणा. मागचं बंपर जोरात दाबून आठ-दहा वेळा झुलवा, दोन-तीन मीटर मागेपुढे ढकला. मग गाडी चारही चाकांवर जाड फळ्यांवर किंवा गॅरेजच्या खड्ड्यावर उभी करून खालून हे बोल्ट पूर्ण आवळा. या वेळी शॅकल किंचित मागे झुकलेली दिसली पाहिजे. ती आडवी पडली असेल किंवा पुढे झुकली असेल तर पाट्याची लांबी किंवा कमान चुकली आहे, तशीच पुढे नेऊ नका.

१२. रस्त्यावर नेण्याआधी आणि नंतर

व्हीलबेस दोन्ही बाजूंना पुन्हा मोजा, मडगार्डची उंचीही. हँडब्रेक जुळवा. मागच्या सीटवर दोन माणसं बसवून ब्रेकचा होज, नळी आणि टायर कुठे घासत नाहीत ते पाहा. मग रिकाम्या रस्त्यावर ३० च्या वेगाने स्टिअरिंगवरची पकड हलकी करून गाडी सरळ जाते का, ब्रेक लावल्यावर मागचा भाग एका बाजूला ओढतो का, ते तपासा.

परत आल्यावर यू-बोल्ट. नवे पाटे, नवा रंग, नव्या प्लेटा सगळं पहिल्या काही किलोमीटरांत दबून बसतं आणि आवळणी उतरते. १०० किलोमीटरला टॉर्क रेंच लावा, ५०० ला पुन्हा, त्यानंतर दर सर्व्हिसिंगला. नटावर आणि प्लेटवर मिळून रंगाची एक सरळ रेघ ओढून ठेवा. रेघ तुटलेली दिसली की नट फिरलाय हे खाली वाकून पाहताच कळतं.